दोन माईक एकदम उघडले की बुवांचा आवाज पोकळ होतोय, घरी केलेला प्रीअँप आहे, फेज उलटी झाली असेल काय?

कडोली_सोल्डर:

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स शाळेत वगैरे शिकलेलं नाही, पण रेडिओ उघडून बसायचा नाद लहानपणापासूनचा. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात भजनी मंडळ आहे, त्यांच्यासाठी प्रीअँप केलाय, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल पॉवर अँपच्या आधी मोठा करणारा डबा. पॉवर अँप मंदिराचाच जुना आहे आणि भिंतीला दोन कॉलम स्पीकर आहेत, डायरेक्ट ८ ओहमचे, लाईन ट्रान्सफॉर्मर नाही.

सर्किट सांगतो. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, पुढं ७८१२ आणि ७९१२ (प्लस आणि मायनस १२ व्होल्टचे रेग्युलेटर). माईकचे दोन चॅनल, एक बुवांचा, एक पेटीचा. बुवांचा चॅनल पहिल्यांदा केला, एनई५५३२ वर (ही ओपअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी आयसी), नॉन-इन्व्हर्टिंग, १००के आणि १के चे रेझिस्टर. तो एकदम झकास चालला म्हणून पाच-सहा महिन्यांनी पेटीसाठी दुसरा बोर्ड केला, पण तो दुसऱ्याच एका सर्किटवरून, त्यात सिग्नल १के मधून पिन २ ला जातो, १००के फीडबॅक (आउटपुटवरून परत पिन २ ला) आणि पिन ३ ग्राउंडला. दोन्ही चॅनल व्हॉल्यूम पॉटमधून १०के-१०के नं मिक्सिंगच्या ओपअँपला, तिथून बास-ट्रेबलच्या बोर्डला (त्यात टीएल०७२ ही ओपअँप आयसी आहे) आणि मग बाहेर.

आता त्रास असा की नुसता बुवांचा माईक चालू ठेवला तर आवाज भरदार, नुसता पेटीचा ठेवला तरी चांगला. पण दोन्ही उघडले आणि पेटीचा पॉट जरा चढवला की बुवांच्या आवाजातला खर्जच निघून जातो, छातीतला आवाज गायब आणि नुसता नाकातला राहतो. पेटीचा पॉट खाली केला की परत येतो. मला पहिल्यांदा वाटलं आयसी डुप्लिकेट आहे, म्हणून दुसऱ्या दुकानातून आणून बदलली, कपलिंगचे कपॅसिटर बदलले, माईक अदलाबदल करून बघितले, कशानंच काय फरक पडंना. एकजण म्हणाला स्पीकरच्या वायरी उलट्या कर, ते पण केलं, आधी दोन्ही कॉलमच्या केल्या, मग एकाच्याच करून बघितल्या, त्यानं तर अजूनच घाण झालं.

कार्तिकात काकडा सुरू व्हायच्या आत हे नीट करायचंय. पहाटे चारला माणसं थंडीत उठून येतात, म्हातारे बुवा गळा काढून गातात आणि माझ्या डब्यामुळं त्यांचा आवाज असा पातळ ऐकू येतोय हे मला बघवत नाही. कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा.


यळ्ळूरकर_साऊंड:

भावा आवाज दोन्ही माईकमध्ये शिरूलालाय, एवढंच हाय ते. पेटीचा माईक लांब ने. नाहीतर सोपं सांगू काय, एका माईकच्या पिनेत वायर उलट्या करून टाक, आम्ही मांडवात तसंच करतो, पाच मिनिटांचं काम.


शहापूर_सर्किट:

@कडोली_सोल्डर दादा, तुमचं सर्किट वाचतानाच उत्तर सापडलं, तुम्ही सगळं नीट लिहिलंय म्हणून. आयसी, कपॅसिटर, माईक कशाचाच दोष नाही. दोन चॅनल एकमेकांच्या उलटे आहेत.

मोजून बघा. बुवांचा चॅनल नॉन-इन्व्हर्टिंग, म्हणजे आत आलेला सिग्नल वर गेला तर बाहेरचा पण वर. पेटीचा इन्व्हर्टिंग, आत वर तर बाहेर खाली. पुढं तुमचा मिक्सिंगचा ओपअँप पिन २ वर सिग्नल घेत असणार, म्हणजे तो इन्व्हर्टिंग. आणि टोन बोर्ड जर नेहमीचा बॅक्सँडॉल असेल, म्हणजे बास-ट्रेबलचे पॉट ओपअँपच्या फीडबॅकमध्येच बसवलेले असतात तो, तर तो पण उलटा करतो. (पीटर बॅक्सँडॉलनं हे सर्किट १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं, तेव्हा ते व्हॉल्व्हवर होतं, आज ओपअँपवर करतात पण मूळ कल्पना तीच.) म्हणजे बुवांचा आवाज दोनदा उलटला, सरळ झाला. पेटीचा तीनदा उलटला, उलटाच राहिला.

आता नुसता उलटा सिग्नल ही काही बिघाडाची गोष्ट नाही. दोन्ही चॅनल सारखेच उलटे असते तर तुम्हाला कळलंही नसतं, कान त्यात फरक करत नाही म्हटलं तरी चालेल. तुमच्याकडं भांडण होतंय ते एकच आवाज दोन वाटांनी येतो आणि एक वाट सरळ, एक उलटी म्हणून. बुवांचा आवाज त्यांच्या माईकमध्ये जातो तसाच पेटीच्या माईकमध्येही जातो. मिक्सिंगला आल्यावर एक म्हणतो वर, दुसरा म्हणतो खाली, आणि खर्जात दोघं एकमेकाला खाऊन टाकतात. वरच्या स्वरात तसं होत नाही कारण तिथं लहर छोटी असते, दोन माईकमधल्या अंतरामुळं ती पुढं-मागं होते, म्हणून वरचं राहतं आणि खालचं जातं. तुमचा "नाकातला आवाज" तो हाच.

लोक याला फेज म्हणतात आणि बोलताना मी पण म्हणतो, पण खरा शब्द पोलॅरिटी. फेज म्हणजे वेळेचा फरक, तो प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असू शकतो. पोलॅरिटी उलटली की सगळंच्या सगळं एकदम डोक्यावर उभं राहतं, उशीर अजिबात होत नाही. हा फरक पुढं कामाला येईल म्हणून सांगितला.

@यळ्ळूरकर_साऊंड दादा, तुमची युक्ती तीन पिनांच्या एक्सएलआरला अगदी बरोबर आहे, तिथं पिन १ शिल्ड, पिन २ हॉट, पिन ३ कोल्ड, २ आणि ३ बदलले की पोलॅरिटी उलटते आणि बाकी काही बिघडत नाही. पण इनपुट बॅलन्स्ड, म्हणजे हॉट आणि कोल्ड दोन्ही वेगळे घेणारं असेल तरच. यांचं सर्किट बघितलं तर पी३८ चा मोनो जॅक असणार, एक सिग्नल आणि एक शिल्ड. त्यात वायर उलटी केली की शिल्डच सिग्नल होतो, माईकची बॉडी इनपुटला जाते आणि हम येतो भसाभसा. ते नका करू.


यळ्ळूरकर_साऊंड:

हे मात्र खरं, पी३८ ला जमणार नाही. मी एक्सएलआरच धरून चाललो होतो.


कडोली_सोल्डर:

व्हय, पी३८ मोनोच आहेत दोन्ही. आणि टोन बोर्ड फीडबॅकवालाच आहे, बघितलं. अजून एक विचारतो, एकानं मला सांगितलं की टीएल०७२ स्वतःच फेज उलटी करतो, ती आयसीच टाकू नको म्हणून. तसं काय असतं काय? आणि हे उलटं आहे ते कानानं नाही तर नक्की कसं तपासायचं? माझ्याकडं ऑसिलोस्कोप नाही, मीटर तेवढा आहे.


शहापूर_सर्किट:

टीएल०७२ चं म्हणणं खरं आहे पण ती गोष्ट वेगळी, नाव तेवढं सारखं. त्या आयसीचा इनपुट मायनस सप्लायच्या फार जवळ गेला की आउटपुट खाली जायच्या ऐवजी टाणकन प्लसकडं उडी मारतो. कानाला ते फाटल्यासारखं, कर्कश ऐकू येतं, खर्ज जाण्यासारखं नाही. हे नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये घडतं, कारण तिथं इनपुट सिग्नलबरोबर वरखाली होतो. तुमच्या टोन बोर्डवर पिन ३ ग्राउंडला बांधलेली असेल तर इनपुट शून्यावरच राहतो, तिथं टीएल०७२ बिनधास्त राहू दे.

तपासायची रीत अशी. दोन्ही चॅनलला एकच सिग्नल द्यायचा आणि मिक्स झाल्यावर काय होतंय ऐकायचं. मोबाईलवर एखादं भजन लावा, पण मोबाईलचा आउटपुट माईक इनपुटला थेट दिला तर १०० पट गेनमध्ये नुसता फाटेल, म्हणून १००के मालिकेत आणि १के ग्राउंडला असा डिव्हायडर करा, साधारण शंभरावा भाग पुढं जातो. तो एकाच वेळी दोन्ही जॅकला जोडा. बुवांचा पॉट अर्ध्यावर ठेवून पेटीचा पॉट शून्यापासून सावकाश चढवत न्या. चॅनल सारखे असतील तर आवाज वाढतच जाईल. उलटे असतील तर कमी कमी होत एका जागी जवळजवळ गायब होईल, नुसती बारीक खरखर उरेल, आणि पॉट पुढं नेला की परत वाढेल. पूर्ण शांत होणार नाही, कारण दोन्हीकडचे कपॅसिटर आणि गेन अगदी सारखे नसतात.


निपाणी_जुना_मेकॅनिक:

पोरांनो वाचून बरं वाटलं. मी निपाणीत रेडिओ दुरुस्तीला बसायचो, व्हॉल्व्हचे सेट, मग बीसी१४८ ट्रान्झिस्टरचा जमाना, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून सोल्डर कमी. कडोलीच्या पोरा, एक गोष्ट डोक्यात बसवून घे, ती कुठल्याही सर्किटला चालते. व्हॉल्व्हला सिग्नल ग्रिडवर दिला आणि प्लेटवरून घेतला की उलटा, कॅथोडवरून घेतला की सरळ. ट्रान्झिस्टरला बेसवर दिला आणि कलेक्टरवरून घेतला की उलटा, एमिटरवरून घेतला की सरळ. ओपअँपचं त्या बाळानं सांगितलंच. कागदावर एकेक स्टेज लिहायची, उलट्याच्या पुढं वजा मांडायचं आणि शेवटी वजा मोजायचे. सम आले तर सरळ, विषम आले तर उलटं. आम्ही ईसीसी८३ व्हॉल्व्हचे दोन अर्धे एकामागं एक लावायचो, एकानं उलटा केलेला दुसरा सुलटा करायचा.

आणि हे उलटंसुलटं सगळ्यात जास्त कुठं नडतं माहितीये? आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरून फीडबॅक घेतलेल्या व्हॉल्व्ह अँपला. सेकंडरीची (स्पीकरकडच्या गुंडाळीची) दोन टोकं चुकीची जोडली गेली की निगेटिव्ह फीडबॅकचा पॉझिटिव्ह होतो आणि अँप चालू करताच भोंग्यासारखा ओरडायला लागतो. तिथं स्पीकर वाचवायचा तर पटकन बंद करून टोकं बदलायची. नवीन ट्रान्सफॉर्मर बसवला की मी फीडबॅकची वायर आधी एका मोठ्या रेझिस्टरमधून लावून बघायचो, आवाज कमी झाला तर बरोबर, वाढला तर टोकं बदल.

तुझ्या गोष्टीत मला एक शंका आहे पोरा. तू लिहिलंस की आधी दोन्ही कॉलमच्या वायरी उलट्या केल्या, मग एकाच्याच केल्या. त्या परत जागच्या जागी आणल्यास का? त्याचं काय लिहिलं नाहीस. बोर्ड दुरुस्त झाला की तेवढं बघ. दीड व्होल्टचा सेल घे, अँपपासून वायर सोड, सेलचा प्लस कॉलमच्या लाल टोकाला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकव. जाळी काढून कोन बघ, बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटा. दोन्ही कॉलमला एकसारखंच व्हायला पाहिजे. पण हे हॉर्नच्या युनिटवर करू नको, नाजूक असतात, आणि धरून ठेवू नको, नुसतं टेकवायचं.


कडोली_सोल्डर:

काका तुम्ही पकडलंत. मी वायरी परत नीट केल्या होत्या असं मला वाटतंय पण खात्री नाही, रात्रीचे अकरा झाले होते आणि पुजारी कुलूप घेऊन उभे होते. बघून सांगतो.

मोबाईलची टेस्ट केली. पेटीचा पॉट चढवला तसं भजन विरत गेलं आणि एका जागी टाळाची नुसती किणकिण राहिली, मृदंग तर पूर्ण गायब. माझ्या डोळ्यांत पाणी आलं खरं सांगतो, इतके दिवस काय आहे ते कळत नव्हतं. आता दुरुस्त कसं करू? त्या बोर्डावर ५५३२ चा दुसरा अर्धा रिकामाच आहे, त्यात काय करता येईल काय?


शहापूर_सर्किट:

दोन वाटा आहेत, आणि मी दुसरी सांगेन.

पहिली म्हणजे तुम्ही म्हणताय तीच, रिकाम्या अर्ध्यात आणखी एकदा उलटवायचं. पिन ५ ग्राउंडला, पिन १ पासून १०के पिन ६ ला, पिन ६ आणि ७ मध्ये १०के, आणि आउटपुट पिन १ च्या ऐवजी पिन ७ वरून. गेन एकच राहतो, सिग्नल सरळ होतो. चालेल हे, पण पहिल्या स्टेजचा मूळ दोष तसाच राहील.

तो दोष असा की इन्व्हर्टिंगमध्ये माईकला दिसणारा इनपुट म्हणजे तो १के चा रेझिस्टरच. तुमचा डायनॅमिक माईक ६०० ओहमचा असेल तर त्याचे ६०० त्या १के ला मालिकेत मिळतात, आणि गेन १०० च्या ऐवजी १००के भागिले १.६के, म्हणजे ६२ च्या आसपास येतो. पेटीचा आवाज कमी वाटून तुम्ही पॉट जास्त चढवत असणार, बरोबर ना?  मिक्सिंगला आणि टोनला इन्व्हर्टिंग उत्तम, तिथं सिग्नल मोठा झालेला असतो. माईकच्या पहिल्या स्टेजला नॉन-इन्व्हर्टिंगच पाहिजे.

म्हणून दुसरी वाट, पहिली स्टेजच बदला, पार्ट जवळजवळ तेच लागतात. पिन ३ ग्राउंडपासून सोडवा. माईकचा कपलिंग कपॅसिटर, तो १ मायक्रोफॅरड असेल तर छान, पिन ३ ला जोडा आणि पिन ३ वरून २२के ग्राउंडला, हा विसरू नका, नाहीतर ओपअँपला डीसीचा रस्ता मिळत नाही आणि आउटपुट एका बाजूला जाऊन चिकटतो. १के चं एक टोक पिन २ ला आहे तसंच राहू दे, दुसरं टोक ४७ मायक्रोफॅरडमधून ग्राउंडला. पिन १ आणि २ मधला १००के तसाच, त्यावर ४७ पीएफचा छोटा डिस्क कपॅसिटर टाका, रेडिओ स्टेशन वगैरे पकडणार नाही. गेन होतो १०१, म्हणजे आधीपेक्षा साधारण ४ डीबी जास्त, त्यामुळं पॉट खाली ठेवता येईल. आणि पिन ४, पिन ८ ला १०४ चे (०.१ मायक्रोफॅरडचे) डिस्क आयसीच्या अगदी जवळ ग्राउंडला आहेत ना बघा. रिकामा अर्धा तरंगत ठेवू नका, पिन ६ आणि ७ एकत्र जोडून पिन ५ ग्राउंडला द्या.

एक आधीच सांगतो, नाहीतर नंतर तुम्हाला वाटेल अजून काहीतरी राहिलंय. पोलॅरिटी सरळ झाल्यावर खर्ज परत येईल पण दोन माईकचा मामला पूर्ण संपणार नाही. बुवांच्या तोंडापासून पेटीचा माईक त्यांच्या माईकपेक्षा ३० सेंटीमीटर लांब असेल, तर आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो त्या हिशोबानं साधारण ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि ५७० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. हा वेळेचा फरक आहे, म्हणजे खरी फेज, ती वायर उलटी करून किंवा आयसी बदलून जात नाही, माईकची जागाच बदलावी लागते. पेटीचा माईक पेटीला जितका जवळ आहे त्याच्या निदान तिप्पट लांब तो बुवांच्या माईकपासून ठेवा, खाली ठेवून तोंड पेटीकडं आणि पाठ बुवांकडं करा.


यळ्ळूरकर_साऊंड:

ही तिपटीची गोष्ट एकदम करेक्ट. आमच्याकडं गणपतीत पेटी आणि गाणारा दोघं एकाच सतरंजीवर बसतात, पेटीचा माईक छोट्या स्टँडवर भात्याच्या बाजूला न ठेवता वरच्या भोकांकडं वाकवून एक वीत अंतरावर ठेवतो, भात्याची फसफस पण कमी येते.


कडोली_सोल्डर:

सगळ्यांना सांगायला आलोय. रविवारी सुट्टी होती, सकाळी बोर्ड काढला, @शहापूर_सर्किट नं सांगितलं तसा बदलला. ४७ पीएफ घरात नव्हता, गावात जाऊन आणला, बाकी सगळं जुन्या बोर्डातलंच. २२के पहिल्या वेळी लावायचा राहिला आणि पिन १ वर मीटर १० व्होल्टच्या पुढं दाखवत होता, तुम्ही लिहिलेलं आठवलं म्हणून लगेच सापडलं. आता पिन १ वर काही मिलिव्होल्टच आहेत.

मोबाईलची टेस्ट परत केली, पेटीचा पॉट चढवला तसा आवाज वाढतच गेला, कुठंच विरला नाही.

संध्याकाळी मंदिरात नेला. दोन्ही माईक उघडले आणि बुवांनी नुसतं "जय जय रामकृष्ण हरी" म्हटलं, तेवढ्यातच खर्ज कळला. पण एक झालं, माईकजवळ बसलेल्यांना भरदार ऐकू येत होतं आणि देवळाच्या मधोमध बायका बसतात तिथं मात्र अजून पोकळच. मला काकांचं आठवलं. दोन्ही कॉलमची जाळी काढली, सेल टेकवला, उजवीकडचा कोन बाहेर आला आणि डावीकडचा आत गेला. म्हणजे त्या रात्रीची एक वायर तशीच उलटी राहून गेली होती. ती फिरवली, परत सेल टेकवला, दोन्ही बाहेर. मग मी स्वतः मधोमध जाऊन बसलो आणि आवाज समोर गाभाऱ्यातनं आल्यासारखा आला.

एकच विचारायचं राहिलं. आधी पेटीचा पॉट जास्त चढवला की शिट्टी बारीक यायची, आता थोडी जाड, खालच्या सुरात येते. पॉट आधीपेक्षा कमीच आहे तरी. हे बरोबर आहे काय?


शहापूर_सर्किट:

बरोबर आहे. शिट्टी कॉलममधनं निघालेला आवाज माईकमध्ये परत येऊन जिथं सम पडतो, म्हणजे मूळ आवाजाशी जुळून वाढत जातो, तिथं लागते. तुम्ही मधला सिग्नल उलटवला म्हणजे सम पडायच्या जागा बदलल्या, म्हणून सूर बदलला. पोलॅरिटीमुळं शिट्टी फारशी कमी-जास्त होत नाही, मुख्यतः सरकते. पॉट कमी ठेवूनही येत असेल तर गेन ४ डीबी वाढलाय ते लक्षात घ्या, आणि माईक कॉलमच्या तोंडासमोर येत नाही ना तेवढं बघा.


निपाणी_जुना_मेकॅनिक:

शाबास पोरा. आता कॉलमच्या प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना लाल रंगाचा ठिपका लाव, अँपच्या मागं पण लाव. आणि बोर्डावर पेनानं लिहून ठेव कुठली स्टेज उलटी कुठली सरळ. उद्या तू गावात नसलास आणि काकड्याच्या पहाटे दुसरं कुणी डबा उघडला तर त्याला कळायला पाहिजे.


कडोली_सोल्डर:

लावतो काका. डब्याच्या झाकणाला आतनं अख्खं सर्किटच चिकटवतो, वजाच्या खुणांसकट.